तान्ह्या लेकरासह पोहरादेवी

कष्टकऱ्यांच्या घरात ‘सुटी’ हा शब्द बहुधा आजारपणाला, लग्नाला नाही तर मयतीला जोडून येतो. आपली माणसे प्रवास करीत नाहीत असे नाही. दीक्षाभूमीला जातात, चैत्यभूमीला जातात, गर्दीत उभ्याने रात्र काढतात. पण केवळ नवे गाव बघावे, मोकळ्या हवेत चालावे, लेकरांना चार गोष्टी दाखवाव्यात म्हणून घरादारासह बाहेर पडणे आपल्याकडे अजून चैन समजली जाते. त्यातून घरात तान्हे मूल असेल तर बोलायलाच नको. वर्ष-दीड वर्ष ती बाई दवाखाना आणि माहेर यापलीकडे कुठेच जात नाही.

वास्तविक कामगाराच्या विश्रांतीचा विचार बाबासाहेबांनी फार पूर्वी केला होता. १९२८ साली मुंबई विधिमंडळात बाळंतपणाच्या काळात कामगार स्त्रीला रजा व भत्ता मिळावा, या विधेयकाच्या बाजूने ते बोलले. पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते त्यांच्याकडे असताना, १९४५ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन कामगाराला भरपगारी वार्षिक रजेचा हक्क मिळाला. ती रजा आपण घर शाकारण्यात आणि उधारी फेडण्यात घालवतो, हा भाग वेगळा.

आमच्या घरी यंदा हिवाळ्यात ठरले की, दोन दिवस तरी ही रजा रजेसारखीच घ्यायची. मुलगी नऊ महिन्यांची. सोबत तिचे बाबा आणि माझ्या सासूबाई. ठिकाण निवडले वाशीम जिल्ह्यातील पोहरादेवी. अकोल्याहून मंगरूळपीर, मानोरा असे टप्पे घेत एसटीने जाता येते आणि खर्च झेपतो. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे आणि तान्ह्या मुलाला तिकीटच नाही, त्यामुळे चौघांच्या प्रवासाला दोन पूर्ण तिकिटांइतकेच पैसे लागले. शेजारच्या एक मावशी मात्र म्हणाल्या, “तुम्ही बौद्ध माणसं, देवीच्या गावाले कायले जाता?” त्यावर सासूबाईंचे उत्तर सरळ होते. “मानसं पाहाले जातो. हात जोडाचे नाई, अन् नाक बी मुरडाचं नाई.” हेच धोरण आम्ही दोन दिवस पाळले.

तांड्याचा इतिहास

पोहरादेवी हे मानोरा तालुक्यातील गाव. भोवती साग-पळसाच्या बुटक्या टेकड्या, पायथ्याला कपाशी आणि तुरीची शेते. देशभरातील बंजारा समाज या गावाला आपली काशी मानतो. येथे जगदंबेचे मंदिर आणि संत सेवालाल महाराजांची समाधी आहे. सेवालाल महाराजांचा जन्म परंपरेनुसार १५ फेब्रुवारी १७३९ रोजी आंध्रातील गुत्तीजवळ झाला. याच गादीवरील संत रामराव महाराजांचे २०२० साली निधन झाले.

या समाजाचा इतिहास आपल्या वाचकांनी समजून घ्यावा असा आहे. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखच्या मुलूख ओलांडणारे हे व्यापारी. लवण म्हणजे मीठ. ‘लमाण’ हे नाव त्यावरूनच आले असे सांगतात. मोगलांच्या व दख्खनच्या फौजांना धान्य पुरविण्याचे काम तांड्यांनी केले. पुढे इंग्रजांच्या काळात रेल्वे आली, सडका झाल्या आणि बैलांचा व्यापार बसला. पोट भरण्याचे साधन गेलेल्या माणसांवर मग सरकारनेच संशय घेतला. १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा झाला आणि देशातील अनेक भटक्या जमातींवर, बंजाऱ्यांच्याही अनेक तांड्यांवर, जन्मजात गुन्हेगार असा शिक्का बसला. पोटातले मूलसुद्धा गुन्हेगार! स्वातंत्र्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला, म्हणून या जमातींना ‘विमुक्त’ म्हणतात. जन्मावरून माणसाची किंमत ठरविण्याचा अनुभव ज्यांच्या गाठीशी आहे, त्यांना हे दुःख वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

आज गावात शिरताना दुरूनच दिसते ते नंगारा भवन. नंगारा म्हणजे मोठा नगारा, आणि इमारतही त्याच आकाराची. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी या बंजारा विरासत संग्रहालयाचे पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झाले. तांड्याचे जीवन, वेशभूषा, दागिने आणि समाजातील पुढाऱ्यांची चित्रे अशी दालने येथे आहेत. आरसे जडविलेली कांचळी आणि घेरदार फेटिया पाहून आमची मुलगी कडेवरून झेप घेऊ लागली. लेकराला कळते काय, असे म्हणू नये. रंग आणि चमक तिला आमच्या आधी कळली.

परिसरात घोड्यावर बसलेल्या सेवालाल महाराजांचा पुतळा व उंच सेवाध्वज आहे. रामनवमीला येथे मोठी यात्रा भरते. या यात्रेत बोकड कापण्याची चाल फार जुनी. पण सेवालाल महाराजांनी जीवहत्या आणि दारू यांविरुद्ध शिकवण दिली, असे त्यांचेच अनुयायी सांगतात, आणि त्याच आधाराने बळी बंद व्हावेत म्हणून समाजातूनच प्रबोधन चालते. बाहेरच्याने येऊन नावे ठेवण्यापेक्षा ही आतली चळवळ अधिक मोलाची. आपल्या वस्त्यांतही कोंबडे-बोकडे कापणे अशाच आतल्या माणसांनी बंद केले आहे.

टेकडीवरची वाट

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या उमरीकडे पायी निघालो. उमरीला जेतालाल महाराज आणि सामकी माता यांची स्थाने आहेत. मुलीला आईच्या जुन्या लुगड्याच्या झोळीत छातीशी बांधले. सासूबाईंना गंमत वाटली. म्हणाल्या, “आमी अशीच लेकरं बांधून डोंगर चढलो. पन डोक्यावर गवताचा भारा होता. निसतं पाहाले कोनी गेलं नाई.” त्या टेकडीच्या माथ्यावर बसून राहिल्या आणि खालच्या तुरीच्या पट्ट्यांकडे बराच वेळ बघत होत्या. पासष्ट वर्षांच्या बाईने पहिल्यांदाच कामाशिवाय डोंगर चढला होता.

दहा वाजता ऊन लागू लागले आणि मुलीने रड मांडली. जवळच्या तांड्यात पहिल्या घराच्या ओट्याशी थांबलो. म्हातारीने विचारले, “कोन गावचे?” गाव सांगितले. मग थोडे थांबून, “कोन लोक?” हा प्रश्न आला की आपल्या माणसाच्या पोटात अजूनही कालवते. सासूबाईंनी मान वर करून सांगितले, “जयभीमवाले आहो.” म्हातारी काही बोलली नाही. तिने बाज सावलीत ओढली, गोधडी झटकून अंथरली आणि म्हणाली, “लेकराले आडवं पाड अगुदर.” मग तिच्या सुनेने चुलीवर पाणी उकळून दिले. मी आडोशाला बसून मुलीला पाजले. निघताना म्हातारीने सांगितले की त्यांच्या गोरबोलीत आईला ‘याडी’ म्हणतात, आणि मुलीच्या कानाशी तोच शब्द तीन-चारदा म्हटला.

घरी सांगण्यासारखे

याच भागाचे आणखी दोन धागे लेकरांना मोठेपणी सांगावेत असे आहेत. पुसदजवळच्या गहुली तांड्यात १ जुलै १९१३ रोजी जन्मलेले वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ या काळात महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. १९७२ च्या दुष्काळात ज्या रोजगार हमीच्या कामांवर आपल्या आया-आज्यांनी खडी फोडली, ती त्यांच्याच कारकिर्दीतली. तांड्यात जन्मलेला माणूस राज्याच्या सर्वोच्च खुर्चीवर बसला, ही गोष्ट तांड्याबाहेरच्या लेकरांनाही बळ देते. दुसरे, वाशीम म्हणजे जुने वत्सगुल्म, वाकाटकांची राजधानी. याच शाखेच्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने पाचव्या शतकात अजिंठ्याचे १६ क्रमांकाचे लेणे भिक्खुसंघासाठी कोरवून दान दिले. तसा शिलालेख त्या लेण्यात आहे. म्हणजे वाशीमची वाट आपल्याला परकी नाही.

भगिनींनो, एवढे सांभाळा

तान्हे मूल घेऊन निघायचे तर विदर्भात डिसेंबर-जानेवारी धरावा; रामनवमीची गर्दी आणि चैत्राचे ऊन लेकराला सोसत नाही. सहा महिन्यांच्या आतील मुलाला अंगावरच्या दुधाशिवाय काहीही, पाणीसुद्धा, देऊ नये. त्यापुढे मऊ वरण-भात, कुस्करलेले केळे आणि उकळून गार केलेले पाणी पुरते. सोबत क्षारसंजीवनीची पुडी असावी. नसल्यास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते थोडे थोडे पाजावे. झोळी बांधताना मुलाचे तोंड-नाक उघडे आणि हनुवटी छातीपासून सुटी राहील असे बघावे. चालणे सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर. दुपार लेकराच्या झोपेची समजून मोकळी सोडावी. झोळी एकट्या आईच्या गळ्यात ठेवू नये. बाबांनीही आळीपाळीने ती बांधावी. आमच्याकडे परतीची अर्धी वाट मुलगी बापाच्या छातीशी झोपून आली, आणि रस्त्यावरच्या बाया त्याच्याकडे वळून वळून बघत होत्या. त्याला त्याचे काही वाटले नाही.

दोन दिवसांत फार मोठे काही पाहिले असे नाही. पण सासूबाई आता विचारतात, अजिंठ्याला कधी जायचे? वराहदेवाचे लेणे बघायचे म्हणतात. रजेचे तीन दिवस शिल्लक आहेत.