आधी वाटप, मग पाया

कोकणात गावी घर बांधायचं तर चिरा आणि वाळू नंतर. आधी सातबाऱ्यावरची माणसं गोळा करावी लागतात. राजापूर तालुक्यातली आमची जमीन आजोबांच्या भावंडांपासून सामाईक. त्यातली कितीतरी नावं वारलेल्यांची आणि त्यांचे वारस मुंबई, विरार, डोंबिवलीत पांगलेले.

गावठाणातल्या लहान घराला ग्रामपंचायतीच्या पातळीवर परवानगी मिळते. गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आत, प्रादेशिक योजनेत रहिवासासाठी दाखवलेली जमीन असली, तर आमच्या वेळी महसूल संहितेच्या कलम 42 ड नुसार ठरलेला कर भरून वेगळ्या बिनशेती परवानगीशिवाय भागायचं. भातशेती मोडायची नाही असं आमचं ठरलेलं. म्हणून निवडलेला वरकसाचा तुकडा मात्र त्याहूनही लांब. तेव्हा रीतसर प्रकरण करणं आलं: सातबारा, आठ अ, फेरफार, गटाचा नकाशा, मोजणीची क प्रत, जागेपर्यंतच्या रस्त्याचा पुरावा, घराचा नकाशा. या सगळ्याच्या जोडीला सहहिस्सेदारांची संमती. घराचा नकाशा इंजिनीअरने लवकर दिला. खरं काम संमतीचंच होतं.

नुसत्या संमतीपत्रांवर घर उभं राहिलं असतं, पण खालची जमीन सामाईकच राहिली असती. चुलतकाकांनी सुचवलं, वाटपच करून घेऊ. सगळे राजी असतील तर संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदारांकडे शेतजमिनीचं वाटप होतं, कोर्टात जावं लागत नाही. मग वारसनोंदी सुरू झाल्या. मृत्यूचे दाखले शोधले, आजोबांच्या पिढीची वंशावळ लिहून काढली. गणपतीला सगळे गावी आले तेव्हा पडवीत तो कागद पसरून एकेक नाव वाचलं.

कुणीतरी म्हणालं, आत्यांकडून हक्कसोड घेऊ, नावं कमी होतील. धाकटी आत्या शांतपणे म्हणाली, "घर तू बांध. पण माझा हिस्सा माझ्या नावावर राहू दे. माझ्या बापाची जमीन आहे ती." तिचं म्हणणं मला पूर्ण पटलं. कागद सोपा व्हावा म्हणून बहिणींनी हक्क सोडायचा, ही रीत आमच्या घरात तरी थांबायला हवी होती. दोन्ही आत्यांचे हिस्से वाटपात वेगळे धरले.

मोजणीच्या दिवशी लगतच्या खातेदारांना नोटिसा गेल्या होत्या. भूकरमापकांनी खुणा करत आणल्या आणि शेवटची खूण शेजारच्या तात्यांच्या गडग्यापलीकडे, त्यांच्या दोन काजूंच्या मध्ये पडली. तात्या बराच वेळ त्या खुणेकडे बघत उभे राहिले. गडगा त्यांच्या वडिलांनी घातलेला, काजू त्यांनी स्वतः लावलेले. काकांनी त्यांना तिथेच सांगितलं, "तात्या, खूण राहू दे. तुमच्या हयातीत काजूला हात लागणार नाही." तात्यांनी पंचनाम्यावर सही केली. काकांच्या शब्दाप्रमाणे आम्ही घर आतल्या बाजूला सरकवून नकाशा पुन्हा काढून घेतला.

पुढे नगररचनेचा अभिप्राय, शुल्काचं चलन, मग परवानगी. ज्या कार्यालयात फाइल होती तिथे ती बराच काळ पडून राहिली, त्याचा त्रास झालाच. तरीही एक वाद त्या फाइलमध्ये कधी आला नाही: जमीन कुणाची. तो आम्ही घरात, मोठी माणसं समोर असताना मिटवला होता.

माझ्या पिढीच्या कोकणकरांना म्हणूनच कळकळीने सांगतो. घर बांधायचं असो वा नसो, गावचा सातबारा काढून वाचा. वारसनोंदी लावून घ्या, बहिणींची नावं त्यात आहेत का बघा. कुठला बांध कुणी घातला, कुठली वाट कुणाची, हे सांगणारी माणसं आहेत तोवर मोजणी आणि वाटप उरका. ती गेल्यावर हाच गुंता कोर्टात जातो आणि तिथे घर बांधायची इच्छा असलेली माणसंही थकून जातात.