नोड चालू, पण काम बंद

माझ्या पुण्याच्या घरी इथेरियमचा एक व्हॅलिडेटर चालतो. ३२ इथर अडकवलेले, कपाटावर छोटा पीसी, शेजारी राऊटर आणि यूपीएस. दर ६.४ मिनिटांच्या एपॉकमध्ये त्याने एकदा सही करून साक्ष द्यायची, की साखळीचं टोक अमुक ब्लॉकपाशी आहे. हीच अटेस्टेशन.

भर पावसात एका रात्री वीज गेली आणि यूपीएसही संपला. वीज आल्यावर मशीन आपोआप सुरू झालं. व्यवहार चालवून तपासणारा गेथ आणि साखळीचं टोक ठरवणारा लाइटहाउस, दोन्ही सर्व्हिसेसपुढे हिरव्या अक्षरांत ‘अ‍ॅक्टिव्ह (रनिंग)’. व्हॅलिडेटरचं स्टेटस विचारलं, तर ‘अ‍ॅक्टिव्ह ऑनगोइंग’. पण साखळीवरच्या नोंदी दाखवणाऱ्या एक्सप्लोररवर अटेस्टेशनपुढे ‘मिस्ड’, पुन्हा ‘मिस्ड’. ‘अ‍ॅक्टिव्ह’ म्हणजे नाव यादीत आहे, एवढंच. साक्ष पोचतेय की नाही ते त्यात येत नाही.

मग ५०५२ पोर्टवर लाइटहाउसच्या बीकन नोडकडे सिंकची चौकशी केली. सिंक डिस्टन्स शून्य. ईएल ऑफलाइन (म्हणजे गेथशी संपर्क तुटलेला), फॉल्स. सगळं ठीक, फक्त एक ओळ खटकली: इज ऑप्टिमिस्टिक, ट्रू. लाइटहाउसकडे ताजे ब्लॉक येत होते, पण त्यांतले व्यवहार गेथने तपासलेले नव्हते. गेथच्या लॉगमध्ये ‘अनक्लीन शटडाउन डिटेक्टेड’ होतंच. मशीन अचानक बंद पडल्याने मेमरीतली स्थिती गेली होती, म्हणून तो मागे जाऊन जुने ब्लॉक पुन्हा चालवत होता. न तपासलेल्या ब्लॉकवर व्हॅलिडेटर सही करत नाही, आणि ते अगदी योग्य आहे.

फोनवर मित्र म्हणाला, “अरे, सहीच्या कीज लॅपटॉपवर टाक आणि तिकडून सुरू कर ना!” मी साफ नाही म्हटलं. गैरहजेरीचा दंड किरकोळ असतो, साधारण त्या वेळात जेवढं मिळालं असतं तेवढाच. पण त्याच कीजनी दोन मशीन्सवरून परस्परविरोधी सह्या गेल्या, तर स्लॅशिंग: दंड आणि वर कायमची हकालपट्टी. गैरहजेरी मी हलक्यात घेतो असं मात्र नाही. मे २०२३ मध्ये इथेरियमच्या मेननेटवर दोन तृतीयांश साक्षी वेळेत जमल्या नाहीत आणि फायनॅलिटी, म्हणजे ब्लॉक कायमचे पक्के होणं, काही काळ अडली होती. माझी एक साक्षही त्याच हिशोबात धरली जाते.

पहाटे गेथने टोक गाठलं, ‘इज ऑप्टिमिस्टिक’ची ओळ फॉल्स झाली. तरी पुढच्या एपॉकची अटेस्टेशन ब्लॉकमध्ये आलेली दिसेपर्यंत मी बसून राहिलो. आता माझा अलर्ट सर्व्हिसवर नाही, ‘इज ऑप्टिमिस्टिक’ आणि चुकलेल्या अटेस्टेशनवर लावलाय. आणि यूपीएसची बॅटरी उतरली की गेथ आधी नीट बंद होतो.