कोणी एक संन्यासी होता

सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठवासीयांसाठी जी नियमावली सिद्ध केली, तिच्या ४२व्या प्रकरणात असा आदेश आहे की, रात्रीच्या मौनास आरंभ होण्यापूर्वी सर्वांनी एकत्र बसावे आणि एकाने कॅसियनचे संवाद किंवा प्राचीन तपस्व्यांची चरित्रे वाचून दाखवावीत. बायबलातील पहिले सात ग्रंथ व राजांचे वृत्तान्त मात्र त्या घटकेस वाचू नयेत, कारण दुर्बल मनांस ते तेव्हा हितावह नव्हेत. निजण्यापूर्वी कोणती कथा कानी पडावी याची एवढी चिंता वाहणाऱ्या मनुष्यास कथेचे सामर्थ्य कोणी समजावून सांगावयास नको होते.

याच नियमाचे अधिक कसोशीने पालन करावे म्हणून १०९८ साली बर्गंडीतील सीतो येथे जो सिस्टर्शियन संप्रदाय उदयास आला, त्याचे कथावाङ्मय हा माझ्या अभ्यासाचा विषय. आणि जेथे बराचसा व्यवहार हाताच्या खुणांनी चालवण्याचा शिरस्ता होता, तेथे इतक्या कथा निपजल्या कशा, याचे मला प्रथमपासून कुतूहल. काही अंशी उत्तर संप्रदायाच्या कारभारातच सापडते. दरसाल सप्टेंबरात मुलखोमुलखीचे मठाधिपती सीतोच्या महासभेस जमत, मातृमठाचा अधिपती कन्यामठांची तपासणी करी, आणि या जाण्यायेण्यात हुकुमांबरोबर कथाही एका मठातून दुसऱ्या मठात पोहोचत.

ऱ्हाइनकाठच्या हाइस्टरबाख मठाचा सीझेरियस तर एका कथेपायीच संन्यासी झाला. कोलोनच्या वाटेवर मठाधिपती गेवार्ड त्याला दीक्षेसाठी परोपरीने विनवीत होता, पण व्यर्थ. अखेरीस त्याने क्लेर्व्होच्या खोऱ्यातील सुगीची हकीकत सांगितली, की कापणी करणाऱ्या संन्याशांजवळ माता मरिया, तिची आई ॲना आणि मरिया मग्दालीन डोंगर उतरून आल्या व त्यांनी त्या श्रमलेल्यांचा घाम टिपला. उपदेशाने जो हलला नाही तो या हकिकतीने हलला, रोकामादूरची यात्रा आटोपून ११९९ साली मठात दाखल झाला, आणि पुढे १२१९ ते १२२३च्या सुमारास त्याने एक संन्यासी व एक नवदीक्षित यांच्या संभाषणातून, बारा विभागांत व ७४६ प्रकरणांत, चमत्कारांचा आपला विख्यात संवादग्रंथ रचला.

याच गेवार्डची आणखी एक गोष्ट त्यात आहे. प्रवचन चालू असता श्रोते डुलक्या घेत आहेत, काही तर घोरतही आहेत, हे पाहून त्याने एकाएकी आर्थर नावाच्या राजाची कथा आरंभिली. सारे खडबडून जागे झाले, आणि तो तेथेच थांबून त्यांना रागे भरला. रागावणे यथायोग्यच होते, तथापि ते घोरणे सीझेरियसने निःसंकोच नोंदवले, याबद्दल मी त्याचा अधिक ऋणी आहे.

कारण त्याच्या ग्रंथाचे मोल मला चमत्कारांत वाटत नाही. सैतानांच्या कित्येक कथा कंटाळवाण्या आहेत, यहुद्यांविषयीच्या काही तर द्वेषाने विटाळलेल्या आहेत. मोल आहे ते त्यातील कबुल्यांत. नम्रतेचे व्रत घेतलेल्या मनुष्यास स्वतःच्या अंतःकरणाची कैफियत मांडण्याची सोय कोठे होती? 'कोणी एक संन्यासी होता' असे म्हणताच मात्र उपासनेतील आळस, पूर्वाश्रमाची ओढ, देहाची तळमळ, सारे बोलता येई. साक्षीदाराचे नाव सीझेरियस आवर्जून देतो, पतिताचे पुष्कळदा झाकून ठेवतो; ईश्वर आहे तरी काय, या शंकेने ग्रासलेल्या एका एकांतवासिनीचा वृत्तान्तही तो सांगतो, आणि नवदीक्षिताने असले प्रश्न विचारावेत यात त्याला काही गैर दिसत नाही.

बेआट्रिसची कथा या दृष्टीने पाहावी. चर्चच्या सामग्रीची राखण करणारी ही संन्यासिनी एका पुरोहिताच्या मोहात पडून किल्ल्या वेदीवर ठेवते व पळून जाते. तो तिला थोड्याच दिवसांत टाकतो, आणि पंधरा वर्षांच्या पतित जीवनानंतर मठाच्या दारी येऊन ती द्वारपालाला बेआट्रिसविषयी पुसते, तेव्हा ती सुशील बाई लहानपणापासून आजतागायत येथेच आहे, असे उत्तर मिळते. तिच्या रूपाने इतकी वर्षे मरियाच चाकरी करीत होती! दंड नाही, बभ्रा नाही. तिची जागा तिच्यासाठी भरून ठेवलेली.

ही कथा स्त्रीची असली तरी सांगणारा पुरुष आहे. स्त्रियांनी स्वतः लेखणी हाती घेतल्याचा दाखला हवा असेल तर सॅक्सनीतील हेल्फ्टा मठाकडे वळावे. तेथे हाकेबोर्नची मेक्टिल्ड, जी १२९८ किंवा १२९९ साली वारली, आपले साक्षात्कार भगिनींना सांगत असे; ऐकणाऱ्यांपैकी दोघींनी ते गुप्तपणे लिहून ठेवले, त्यांतली एक बहुधा गर्ट्रूड. मेक्टिल्डला हे कळले तेव्हा ती अत्यंत व्यथित झाली; परंतु प्रार्थनेत तिचे समाधान झाले, आणि मग तिने तो मजकूर स्वतः तपासून पाहिला व चुकले होते तेथे दुरुस्त केला.