आंबट-गोडाचं गणित

वाईनबद्दलचं काहीही वाचायला घेतलं की दोन ओळींत मला एकतर झोप येते, नाहीतर न्यूनगंड. 'ओल्या दगडाचा गंध', 'पांढऱ्या फुलांची झुळूक' वगैरे वगैरे. अरे बाबांनो, मी आयुष्यात कधी दगड चाटलेला नाही! पण सध्या मुक्काम पोस्ट फ्रँकफर्ट. इथे वाईन टाळणं म्हणजे पुण्यात राहून चहा टाळण्यासारखं. टीमच्या खऱ्या गप्पा हापिसात होतच नाहीत, त्या शुक्रवारी संध्याकाळी टेबलाभोवती होतात. आणि ज्याच्या घरात आजवर कुणी थेंबालाही शिवलं नाही असे अस्मादिक कोपऱ्यात सफरचंदाचा रस घेऊन बसायचे. आग्रह कधीच कुणी केला नाही. पण सगळे विनोद टेबलाच्या दुसऱ्या टोकाला व्हायचे, हेही तितकंच खरं.

तर मंडळी, आजचा विषय रीसलिंग. हे पांढऱ्या द्राक्षाचं नाव, आणि त्याच्या वाईनचंही तेच. मूळ गाव इथलंच म्हणायला हरकत नाही. या नावाची सर्वात जुनी ज्ञात नोंद १४३५ सालची, आणि ती आहे फ्रँकफर्टजवळच्या र्‍युसल्सहाइमची. तिथल्या सरदाराच्या हिशेबात रीसलिंगच्या वेली विकत घेतल्याचा खर्च लिहून ठेवलाय. म्हणजे सहाशे वर्षांपूर्वीची एक्सपेन्स शीट! :-)

द्राक्षं म्हटली की आपल्याला नाशिकचं ऊन आठवतं. हिचं उलटं. मोझेल नदीकाठच्या खड्या, पाटीच्या दगडाच्या उतारांवर ही वाढते. काही उतार इतके उभे की ट्रॅक्टर चालत नाही, माणसांनीच चढायचं. हवा थंड, त्यामुळे द्राक्ष अगदी सावकाश पिकतं. गोडी भरते आणि तरी आंबटपणा मरत नाही. रीसलिंगची सगळी गंमत या एका वाक्यात आहे.

आता लेबल. जर्मन लेबल म्हणजे कॉमेंट न लिहिलेला कोड. 'ट्रॉकन' म्हणजे कोरडी, गोडी जवळपास नाहीच. 'काबिनेट', 'श्पेटलेजे', 'आउसलेजे' हे शब्द द्राक्षं तोडताना किती पिकली होती ते सांगतात, बाटलीतल्या गोडीची हमी देत नाहीत. त्यावर माझा जुगाड सोपा आहे, अल्कोहोलचा आकडा बघायचा. यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल बनवतं. आकडा ८-९ टक्के असेल तर साखर बहुधा शिल्लक आहे, वाईन गोडसर. १२ किंवा वर असेल तर बहुधा कोरडी.

चव घ्यायची तर फ्रीजमधून काढून दहाएक मिनिटं थांबायचं, ८ ते १० अंश बरे. फार गार असेल तर वासच येत नाही. ताज्या बाटलीला हिरव्या सफरचंदाचा, लिंबाच्या सालीचा वास येतो. (जुन्या रीसलिंगला चक्क पेट्रोलसारखा येतो, आणि लोकांना तो आवडतो!) घोट गिळल्यावर तोंडाला पाणी सुटलं, की तो आंबटपणा.

एवढं कळल्यावर एका शनिवारी धीर करून टीमला घरी जेवायला बोलावलं. त्यातले एक ज्येष्ठ सहकारी मोझेलकडचे. ते दोन बाटल्या घेऊन आले, एक ट्रॉकन, एक ८ टक्क्यांची गोडसर काबिनेट. पाच पदार्थ, दोन बाटल्या, दहा टेस्ट केसेस. निकाल असे:

बटाटेवड्याबरोबर ट्रॉकन मस्त. लिंबू पिळल्यासारखं तेल कापून जाते. तिथेच लसणाची चटणी लावली आणि ट्रॉकन फेल, कारण अल्कोहोल तिखटाला आणखी चेतवतं. काबिनेटच्या गोडीने मात्र तोच जाळ शांत झाला. खोबऱ्याच्या रसातली कोळंबी आणि काबिनेट म्हणजे जोडी जमली! श्रीखंडाबरोबर दोन्ही फेल. पदार्थ वाईनपेक्षा गोड असला की वाईनमध्ये नुसता आंबटपणा उरतो. आणि चिंच-गुळाच्या आमटीपुढे दोन्ही पाणचट, कारण पदार्थ वाईनपेक्षा आंबट.

ते सहकारी मात्र आमटीचे दोन वाडगे प्यायले आणि म्हणाले, आंबट-गोड तोलणं तुला शिकवायची गरजच नाही, तू त्यातच वाढलायस. त्या रात्री विनोद टेबलाच्या माझ्या टोकाला होत होते.

दुसऱ्या दिवशी आईला फोनवर सगळं सांगितलं. सगळं म्हणजे सगळं.

"दारूच ना रे ती?"

"हो आई. दारूच."

पलीकडे बराच वेळ शांतता. कुकरची एक शिट्टी झाली. मला वाटलं, आता बाबांना फोन जाणार. जीव मुठीत धरून थांबलो.

"किती घेतलीस?"

"एक ग्लास. सगळं मिळून."

पुन्हा शांतता. मग म्हणाली, "मला नाही आवडलेलं. पण सांगितलंस ते बरं केलंस." आणि जरा थांबून, "आमटीबरोबर का नाही जमली म्हणालास?"

सांगितलं.

"चिंच जास्त झाली असेल. पुढच्या वेळी आमसूल घाल, दोनच. आणि गूळ जरा हात राखून."

असो. आमसुलं डब्यात आहेत, येत्या वीकांताला टेस्ट केस क्रमांक अकरा. निकाल कळवतोच.