ताणातली बाग आणि दीड व्होल्ट

डिसेंबर सरत आला होता. अकोटकडच्या एका संत्राबागेला अंबिया बहारासाठी ताण दिलेला होता. ताणात पाणी तोडायचं आणि नेमक्या वेळी ओलीत सुरू करायचं. ती वेळ हुकली की बहाराचं नुकसान. म्हणून बागमालक काकांनी जमिनीत ओलमापक बसवून घेतला होता. पण तो सायंकाळी माती कोरडी दाखवायचा आणि पहाटे ओली. सगळ्यांनी दवावर ठपका ठेवला होता.

"सर, जमिनीले भेगा पडल्या, अन् हे म्हन्ते ओल हाय," काका फोनवर म्हणाले. मी अमरावतीहून परतवाडा-अंजनगाव मार्गे निघालो. ओलमापकाच्या वीतभर खोल गाडलेल्या पात्यापर्यंत दव पोचत नाही, एवढं मला पक्कं ठाऊक होतं.

यंत्र उघडलं. सौर पॅनेलवर भरणारा एक जुना लिथियम सेल, आणि पात्याचा सिग्नल पुढे नेणारा एलएम358 हा ऑप-अँप, थेट सेलवर जोडलेला. माती जितकी कोरडी तितका पात्याचा व्होल्टेज जास्त. सायंकाळी सेल 4.1 व्होल्टवर होता. ऑप-अँपच्या इनपुटला 2.4 आणि आउटपुटलाही 2.4. मी मुक्काम केला. पहाटे पुन्हा मल्टिमीटर लावला, तर इनपुट तेच 2.4, आउटपुट मात्र जेमतेम दोन. सेल 3.5 व्होल्टवर उतरला होता.

कारण या चिपच्या पोटात आहे. तिच्या इनपुटला पीएनपी ट्रान्झिस्टर आहेत, त्यामुळे इनपुट शून्यापर्यंत खाली गेलं तरी ती नीट चालते. वरच्या बाजूला मात्र दोन जंक्शन आणि एक करंट सोर्स यांना जागा लागते, सुमारे दीड व्होल्टची. म्हणजे 4.1 च्या सेलवर 2.6 पर्यंतचं इनपुट चालतं, 3.5 वर फक्त दोनपर्यंत. आउटपुटही वर साधारण तेवढंच चढतं. थंडीनेही थोडी भर घातली, कारण तापमान एक अंशाने उतरलं की प्रत्येक जंक्शनला सुमारे दोन मिलिव्होल्ट जास्त लागतात. डेटाशीटमध्ये दीड व्होल्टचा आकडा 25 अंशांसाठी आहे. सगळ्या तापमानांसाठी तिथेच दोन व्होल्ट धरायला सांगितलं आहे.

जुन्या सर्किटांना 30 व्होल्टचा पुरवठा असायचा, त्यातले दीड-दोन गेले तरी कुणाला जाणवत नसे. साडेतीनातून दीड गेले की चाळीस टक्क्यांहून जास्त जातात. त्याच डेटाशीटमध्ये इनपुट 32 व्होल्टपर्यंत चालेल अशीही ओळ आहे, आणि पुष्कळ जण तीच वाचून निश्चिंत होतात. पण ती चिप जळू नये म्हणूनची मर्यादा आहे. त्या व्होल्टेजला ती बरोबर काम करील, असं ती ओळ म्हणत नाही.

मी एलएम358 काढून एमसीपी6002 हा ऑप-अँप बसवला. त्याच आठ पिना, त्याच जागी, 1.8 व्होल्टपासून चालतो, आणि इनपुट पुरवठ्याच्या दोन्ही टोकांपर्यंत, किंचित पलीकडेही जाऊ शकतं. दुसऱ्या पहाटे इनपुट 2.4, आउटपुट 2.4. काकांनी आकडा पाहिला आणि ताण तोडायची तारीख स्वतःच्या हिशेबाने ठरवली.

वऱ्हाडात शेतासाठी अशी यंत्रं बनवणाऱ्या पोरापोरींना माझी कळकळीची विनंती आहे: टेबलावर पाच व्होल्टला चाललं म्हणून बागेत नेऊ नका. सेल जितका उतरू शकतो तितका उतरवा, माती जितकी सुकू शकते तितकी सुकवा, आणि दोन्ही एकाच वेळी ठेवून आउटपुट मोजा.