हे अक्षर कुणाचं?

मैत्रिणींनो, डोहाळजेवणाचं बोलावणं सरकारी नोटिशीसारखं दिसलेलं तुम्हांला आवडेल का? मजकूर कितीही गोड लिहा, अक्षरं ताठ उभी राहिली की ‘अगत्य येण्याचे करावे’ हीसुद्धा तंबी वाटते! म्हणून तर संगणकावर हाताने लिहिल्यासारखे टाइप निघाले. त्यांतला आपल्या देवनागरीतला ‘कलम’ माझ्या विशेष आवडीचा. इंडियन टाइप फाउंड्रीचा हा टाइप २०१४ साली आला. लिपी रावल आणि जॉनी पिनहॉर्न या दोघांनी तो घडवला. बॉलपेनने भरभर चिठ्ठी लिहावी तशी कललेली अक्षरं, आणि बारीक, मध्यम, ठळक असे तीन प्रकार. शिवाय फुकट! इंग्रजीचं सव्वीस अक्षरांवर भागतं. आपली जोडाक्षरं धरून यात हजारावर आकार काढावे लागले आहेत.

आमच्या घरची सगळी बोलावणी आजवर सासूबाईंनी लिहिली. पोस्टकार्डाच्या कोपऱ्याला हळदकुंकू आणि खाली त्यांचं टपोरं अक्षर. गेली दोन वर्षं मात्र हात कापतो, पेन धरवत नाही. नातीच्या डोहाळजेवणाचं पत्र मी ‘कलम’मध्ये छापून त्यांच्यापुढे ठेवलं. चष्मा लावून त्यांनी बराच वेळ पाहिलं. म्हणाल्या, “अक्षर चांगलं आहे गं, पण हे कुणाचं?”

मी नावं सांगितली. ‘लिपी’ हे नाव ऐकून त्यांना हसू आलं, पण तेवढ्याने समाधान होईना. पत्रात ‘या’ चार ठिकाणी होतं. चारही जागी त्यांनी बोट ठेवलं. अगदी हुबेहूब सारखे! “माणूस चौथ्यांदा ‘या’ लिहितो ना, तेव्हा जरा घाईत असतो,” म्हणाल्या. खरंच की! पण साठ पत्रं हाताने लिहायची कुणी? शेवटी मजकूर छापील आणि पाकिटावरची नावं हाताने, असा तह झाला. बारा पाकिटं त्यांनी स्वतः लिहिली, दिवसाला दोन. पत्र पोहोचल्यावर त्यांच्या मावसबहिणीचा फोन आला. कार्यक्रमाचं राहिलं बाजूलाच, पहिला प्रश्न, “हात इतका कापतो का गं तुझा?” दोघी तासभर बोलत होत्या.

तुम्ही असा टाइप घेणार असाल, तर आधी ‘खोबऱ्याच्या वड्या’ एवढंच लिहून बघा. ‘ऱ्या’ नीट उमटला नाही, तर तो टाइप मराठीच्या कामाचा नाही. ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे तर येत नाहीत ना, तेही पाहा. तारीख, वेळ आणि पत्ता साध्या ताठ टाइपात द्या. वयस्कर मंडळींना कललेले आकडे वाचायला त्रास होतो. छापखान्यात देताना पीडीएफ करून द्या, नाहीतर त्यांच्या संगणकावर हा टाइप नसला की भलताच उमटतो. आणि दुःखाच्या पत्राला हा मुळीच वापरू नका, बरं का!