गंगेच्या गढूळ पाण्यातील बोली

भागलपूरजवळच्या गंगेला नुसती नदी म्हणताना कृष्णाकाठी वाढलेल्या माणसाची जीभ जराशी अडखळते. हिवाळ्यातील सकाळी पैलतीर दिसतच नाही. धुक्यातून एखादी होडी येते, तिच्या मागून दुसरी, आणि मग पुन्हा सारे पांढरे होते. बरारी घाटाजवळून निघालेला विक्रमशिला सेतू साडेचार किलोमीटरांहून अधिक लांब आहे, एवढे सांगितले तरी या पात्राची कल्पना यावी. पश्चिमेस सुलतानगंज, जिथे अजगैबीनाथाचे मंदिर प्रवाहातील खडकावर उभे आहे, आणि पूर्वेस कहलगाव, जिथे नदीच्या मध्येच तीन खडकाळ बेटे वर आली आहेत, या दोन गावांमधील गंगेचा पट्टा १९९१ साली विक्रमशिला गंगा डॉल्फिन अभयारण्य म्हणून घोषित झाला. कहलगावजवळील अंतीचक येथे विक्रमशिला महाविहाराचे अवशेष आहेत, त्यावरून हे नाव.

येथील लोक डॉल्फिनला ‘सोंस’ म्हणतात. पाण्यावर येऊन श्वास सोडताना तो जो आवाज करतो त्यावरूनच हे नाव पडले असे सांगतात, आणि एकदा तो आवाज ऐकला की शंका उरत नाही. सागरातील डॉल्फिनप्रमाणे हा उंच उड्या मारून प्रेक्षकांचे मनोरंजन करीत नाही. लांब चोच, करड्या रंगाची पाठ, एक सुस्कारा, आणि पाणी पुन्हा मिटते. छायाचित्र काढण्याच्या नादी लागलेल्यांच्या हाती बहुधा नुसत्या लाटाच लागतात. आमच्या नावाड्याने होडीचे इंजिन बंद केले आणि म्हणाला, “बाबूजी, आँख से मत ढूँढिए, कान से ढूँढिए।” त्याच्या या एका वाक्यात सोंसाचे अर्धे प्राणिशास्त्र आले आहे.

कारण सोंस स्वतःही डोळ्यांनी काही शोधत नाही. त्याच्या डोळ्यांत भिंगच नसते. उजेड आणि अंधार यांतील भेद कळावा इतपतच त्यांचा उपयोग. हिमालयातून आलेल्या गाळाने गढूळ झालेल्या या पाण्यात हातभर अंतरावरचे दिसत नाही, तेथे उत्तम डोळे असून तरी काय लाभ? तो आडवा होऊन, एका कुशीवर पोहतो, एक पर तळाला घासत नेतो आणि अखंड आवाज करीत राहतो. नाकपुड्यांच्या मार्गात निर्माण झालेले हे टिचकीसारखे ध्वनी कपाळातील चरबीच्या गोळ्यातून एकवटून पुढे जातात, मासळीवर आपटून परततात आणि खालच्या जबड्यातून अंतःकर्णापर्यंत पोहोचतात. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १५०० मीटर धावतो, म्हणजे हवेपेक्षा चौपटीहून अधिक वेगाने. त्यामुळे हा सारा व्यवहार क्षणार्धात पुरा होतो.

आमच्या होडीत एक अभ्यासक तरुण होता. त्याने पाण्याखालच्या ध्वनिग्राहकावर पूर्वी टिपलेला आवाज दसपट मंद करून ऐकवला. मूळ आवाज आपल्या कानांच्या पलीकडचा. माणसाला जेमतेम २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येते. मंद केल्यावर मात्र भिंतीवरच्या घड्याळापेक्षा जरा घाईची अशी ‘टक् टक्’ ऐकू आली. पुढे ती जवळजवळ येत गेली आणि शेवटी तिची किरकिर झाली. “मासा तोंडाजवळ आला,” तो म्हणाला. आयुष्यभर रोकड विभागाच्या आसपास वावरलेल्या माझ्या कानांना ती अखेरची किरकिर नोटा मोजण्याच्या यंत्रासारखी वाटली. इतक्या गंभीर विषयात ही उपमा शोभत नाही हे खरे, पण दुसरी सुचली नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. जगातील सारे डॉल्फिन एकाच सुरात बोलत नाहीत. ते कोणत्या पाण्यात राहतात यावर त्यांचा आवाज ठरतो. खुल्या समुद्रात भक्ष्य दूर असते, मध्ये अडथळे थोडे, म्हणून तेथील डॉल्फिनच्या टिचक्या फार जोरकस असतात. उथळ नदीत हे चालणार नाही. न्हाणीघरात मोठ्याने बोलून पाहावे: आपलाच शब्द चारी भिंतींवरून येऊन आपल्याच बोलण्यात मिसळतो. नदीचा तळ, पाण्याचा पृष्ठभाग, बुडालेली झाडे, सगळीकडून प्रतिध्वनी येत असताना ओरडणे म्हणजे गोंधळ वाढविणे होय. बांगलादेशातील सुंदरबनात गंगेचा डॉल्फिन आणि इरावती डॉल्फिन या दोघांचे ध्वनी मोजले गेले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असे आढळले की दोघेही सागरी भाऊबंदांपेक्षा पुष्कळच हळू, पण भरभर टिचक्या वाजवतात. दूरचे नव्हे, जवळचेच नीट पाहतात. त्यांतही भेद आहे. इरावती डॉल्फिनचा सूर ९५ किलोहर्ट्झच्या आसपास, तर आपल्या सोंसाचा ६० च्या आतबाहेर. दोन जातींची कुळे फार जुनी व वेगळी, पण एकाच पाण्याने दोघांनाही हळू बोलायला लावले.

एकाच जातीतही हा भेद दिसतो. शिट्टी वाजवणाऱ्या सागरी डॉल्फिनमध्ये प्रत्येकाची स्वतःची एक शिट्टी असते, जणू नावच. भूमध्य समुद्रातील सहा ठिकाणच्या डॉल्फिनच्या अशा शिट्ट्या संशोधकांनी ताडून पाहिल्या. सागरी गवताच्या कुरणांवर राहणाऱ्यांच्या शिट्ट्या उंच व आखूड, तर चिखलाच्या तळावर राहणाऱ्यांच्या त्या मानाने खालच्या सुरातील व लांब निघाल्या. रक्ताच्या नात्यापेक्षा परिसराचाच प्रभाव अधिक दिसला. जपानमधील तदाशी मोरिसाका यांनी २००५ मध्ये दाखविले की आमाकुसा येथील गोंगाटाच्या पाण्यात डॉल्फिनच्या शिट्ट्या खालच्या सुरात आणि कमी वळणांच्या असतात. मिकुरा व ओगासावारा बेटांजवळच्या शांत पाण्यात त्या वरच्या सुरात आणि अधिक वळणे घेत जातात. बारा कोसांवर भाषा बदलते असे आपण म्हणतो. येथे कोसांपेक्षा पाणी महत्त्वाचे.

हेच मोरिसाका पुढे गंगेवरील एका अभ्यासातही सहभागी झाले. मयूख डे, जगदीश कृष्णस्वामी आणि नचिकेत केळकर हे त्यांचे सहकारी. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे निष्कर्ष वाचल्यावर होडीच्या इंजिनाकडे पूर्वीच्या नजरेने पाहता येत नाही. हल्दिया ते प्रयागराज हा १६२० किलोमीटरांचा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक एक याच पट्ट्यातून जातो. यांत्रिक नौकांचा आवाज एकाएकी वाढला की सोंस अधिक टिचक्या वाजवून तो भेदू पाहतो. गोंगाट कायमचा झाला की गप्प होत जातो. आवाजात आवाज बुडतो, भक्ष्य सापडत नाही आणि शरीरावरील ताण दुपटीहून अधिक होतो. उन्हाळ्यात पाणी उतरले की हा त्रास आणखी वाढतो. सागरी डॉल्फिनला डोळ्यांचा तरी आधार असतो. याचा दुसरा मार्गच बंद आहे. समुद्रातला डॉल्फिन दूर निघून जाऊ शकतो, नदीतल्याने जायचे कोठे? दोन्ही बाजूंना काठ आहेत.

रस्त्यापेक्षा जलवाहतूक स्वस्त पडते हे वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला कोणी शिकवायला नको, आणि बिहारसारख्या प्रांताला त्या वाहतुकीची गरज नाही असे म्हणणे मला अप्रामाणिक वाटेल. पण प्रति टन खर्चाच्या हिशेबात सोंसाच्या कानांचा रकाना नाही. नौकांचा वेग कमी करणे, उन्हाळ्यात खोल डोहांच्या जागी वर्दळ आवरणे, पंख्यांचा आवाज घटविणे हे उपाय फार खर्चिक नसावेत.

या जीवाला राजाश्रय नवा नाही. सम्राट अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात अवध्य प्राण्यांची यादी आहे. तीतील ‘गंगापुपुटक’ म्हणजे सोंसच, असे अनेक अभ्यासक मानतात. २००९ साली त्याला राष्ट्रीय जलचराचा मान मिळाला. २०२५ मध्ये जाहीर झालेल्या गणनेनुसार भारतातील नदी-डॉल्फिनची संख्या ६३२७ असून त्यांपैकी २२२० बिहारमध्ये आहेत.

भागलपूरला जाणाऱ्यांनी नोव्हेंबर ते मार्च हा काळ निवडावा. धुके असेल तर दहा वाजेपर्यंत थांबावे. वल्ह्यांची होडी मिळाली तर तीच घ्यावी. इंजिनाची असेल तर प्रवाहाच्या मध्यावर गेल्यावर ते बंद करण्यास नावाड्याला सांगावे. मग मुलांनाही गप्प बसवावे. सुस्कारा प्रथम कोणत्या बाजूने येईल ते सांगता येत नाही, पण एक आला की एक-दोन मिनिटांत त्याच परिसरात दुसरा येतो.